अणुऊर्जा, वीज आणि सुरक्षितता: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीपी जळाली की आपल्याकडे आधी वायरमन आठवतो, मग आमदार, आणि दोघांनीही फोन उचलला नाही की थेट केंद्र सरकार. वीज, कोळसा, अणुभट्टी, एक्स-रे, सौर पंप हे सगळं दिल्लीतल्या एकाच मोठ्या खात्याच्या टेबलावर असतं असा अनेकांचा समज आहे. तसं नाही, आणि त्यामुळेच बरेच अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून ज्या शंका सारख्या येतात, त्या खाली घेतल्या आहेत. अणुसुरक्षेवर जरा जास्त लिहिलं आहे, कारण तिथे माहितीपेक्षा अफवा जास्त फिरतात.

ऊर्जा आणि अणुसुरक्षा बघणारं केंद्राचं एकच खातं आहे का?

नाही. काम पाच ठिकाणी वाटलेलं आहे. वीजधोरण, औष्णिक आणि जलविद्युत, उच्चदाब वाहिन्या हे ऊर्जा मंत्रालयाकडे. कोळसा मंत्रालय वेगळं, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूचं वेगळं. सौर आणि पवनऊर्जा नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे. आणि अणुभट्ट्या, युरेनियम, किरणोत्सारी पदार्थ हे सगळं अणुऊर्जा विभागाकडे.

राज्यघटनेत वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदे करू शकतात. अणुऊर्जा मात्र फक्त केंद्राच्या सूचीत. म्हणून महावितरणचा प्रश्न मुंबईत सुटतो, पण अणुभट्टी कशी चालवायची यात महाराष्ट्र किंवा गुजरात सरकारला शब्द नसतो. जमीन, पाणी आणि पोलीस बंदोबस्त एवढं राज्याच्या हातात राहतं, आणि तेही थोडं नाही.

अणुऊर्जा विभाग नेमकं काय करतो?

हा विभाग ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्थापन झाला आणि तेव्हापासून तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आहे. केंद्राच्या विभागांचं मुख्यालय दिल्लीत असतं, याचं मात्र मुंबईत आहे. डॉ. होमी भाभा यांनी हे काम मुंबईतून उभं केलं आणि ते तिथेच राहिलं.

ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, वीजनिर्मिती करणारं न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, जादूगुडाची युरेनियमची खाण चालवणारी कंपनी, हैदराबादचं अणुइंधन संकुल, जड पाणी मंडळ अशी मोठी मांडणी या विभागाखाली येते. आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे परळचं टाटा रुग्णालय. खान्देशातून रेल्वेने कॅन्सरचे रुग्ण घेऊन नातेवाईक जिथे जातात, ते टाटा मेमोरियल सेंटर १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्याच अखत्यारीत आहे. शेतकऱ्यांचाही संबंध येतो: टीएजी-२४ हा भुईमूग आणि टीएयू-१ हा उडीद हे वाण भाभा केंद्राने बियाण्यावर किरणांचा मारा करून घडवलेल्या उत्परिवर्तनांतून आले आहेत. तुमच्या चुलत्याने हे वाण पेरलेही असतील.

मग अणुभट्टी चालवणारेच तिची सुरक्षितता तपासतात का?

या सगळ्या विषयातला खरा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

तपासण्याचं काम अणुऊर्जा नियामक परिषदेचं. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या अधिकारानुसार १५ नोव्हेंबर १९८३ रोजी ती स्थापन झाली. तिचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. अणुभट्टीची जागा निवडणं, बांधकाम, चाचणी, चालवणं आणि शेवटी ती मोडीत काढणं, या प्रत्येक टप्प्यावर परिषदेची वेगळी परवानगी लागते. चालवण्याचा परवाना कायमचा नसतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी दिला जातो आणि दर दहा वर्षांनी पूर्ण सुरक्षा-आढावा घ्यावा लागतो. परिषद काम थांबवू शकते, संच बंद ठेवायला सांगू शकते.

खोच पुढे आहे. ही परिषद अहवाल देत आली आहे अणुधोरण ठरवणाऱ्या अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असतात. ज्याची गाडी तपासायची, त्याच्याच काकांकडे तपासनीसाने अहवाल द्यायचा, असा हा मामला. २०१२ मध्ये कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, आपल्या अहवालात नेमकं हेच बोट ठेवलं: नियामकाला स्वतंत्र वैधानिक दर्जा नाही. त्याआधी, जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघातानंतर, २०११ मध्ये स्वतंत्र अणुसुरक्षा प्राधिकरणासाठी विधेयक लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर न होताच बारगळलं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा कायदा आणि अपघाताच्या भरपाईबाबतचा २०१० चा कायदा या दोन्हींची जागा घेण्यासाठी तो केला आहे. त्याने खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचं दार उघडलं आणि नियामक परिषदेला कायद्यातच स्थान दिलं. ही दुसरी गोष्ट चांगलीच आहे. पण कायद्यात नाव आलं म्हणजे स्वायत्तता आली, असं मानणं भाबडेपणाचं होईल. अध्यक्ष कोण नेमतं, पैसा कुठून येतो, अहवाल कुणापुढे ठेवले जातात, यावर नजर ठेवायला हवी. खासगी कंपनी आल्यावर तर जास्तच. सरकारी चालकाला निदान नफ्याची घाई नसते.

“आठे अणुभट्टी शे का?”

नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत एकही अणुवीज केंद्र नाही. महाराष्ट्रातलं एकमेव केंद्र पालघर जिल्ह्यातलं तारापूर. त्याचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे, देशातले सर्वांत जुने.

आपल्याला जवळचं केंद्र मात्र गुजरातमध्ये आहे: तापी जिल्ह्यातलं काक्रापार, व्याऱ्याजवळ. नवापूरपासून सरळ रेषेत ते चाळीस किलोमीटरहून थोडं जास्त भरतं. तिथे २२० मेगावॅटचे दोन जुने आणि ७०० मेगावॅटचे दोन नवे संच आहेत. नवे दोन्ही संच पूर्णपणे देशी आराखड्याचे असून २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. ती वीज पश्चिम ग्रिडमध्ये जाते, त्यामुळे तुमच्या घरातल्या कूलरला तिचाही थोडा अंश मिळत असणार. कुठल्या युनिटमधला किती, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. ग्रिडमध्ये वीज मिसळून जाते.

काक्रापारला कधी काही घडलं आहे का?

घडलं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जून १९९४ च्या अतिवृष्टीत जवळचं मोतीचेर तळं भरून वाहिलं आणि पुराचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. पंप पाण्याखाली गेले. संच तेव्हा बंद होता, म्हणून निभावलं. फुकुशिमात पाण्याने काय केलं ते जगाने नंतर २०११ मध्ये पाहिलं, आणि काक्रापारची आठवण अनेकांना तेव्हा पुन्हा झाली.

दुसरी घटना ११ मार्च २०१६ ची. पहिल्या संचात इंधनाभोवतीच्या एका नळीला तडा जाऊन जड पाण्याची (अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या खास पाण्याची) गळती सुरू झाली. अणुभट्टी आपोआप बंद पडली. शून्य ते सात या आंतरराष्ट्रीय मापनात नियामक परिषदेने तिला पहिली पातळी दिली, म्हणजे अपघात नव्हे तर ‘विसंगती’. पण तो संच पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. दरम्यान नळ्या बदलल्या गेल्या.

तापीचं पाणी दूषित होऊन आपल्याकडे येईल का?

तापी पश्चिमेला वाहते. हतनूर, भुसावळ, प्रकाशा, मग उकाई आणि त्याच्या खाली काक्रापार. आपण वर, ते खाली. काळजी करायचीच तर सुरतकरांनी करावी, आणि तीही आधी आपण वरून काय सोडतो त्याची.

अपघात झालाच तर खान्देशात काय करायचं?

भारतात अणुवीज केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र १६ किलोमीटरपर्यंत धरलं जातं. त्याच्या आत निवारे, लोकांना हलवण्याचे मार्ग, आयोडीनच्या गोळ्या यांची तयारी ठेवायची असते आणि ठराविक काळाने सराव करायचे असतात. कुंपणाच्या आतली जबाबदारी केंद्राच्या चालकाची, बाहेरची त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची. नवापूर या १६ किलोमीटरच्या बरंच बाहेर आहे. म्हणून नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी गोळ्या वाटण्याची गरज नाही, आणि ‘आयोडीन आताच घ्या’ असा व्हॉट्सअॅप संदेश आला तर पुढे पाठवू नका. आयोडीनची गोळी किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइडचं रक्षण करते. विनाकारण घेतली तर त्रास होऊ शकतो.

भरपाईबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१० च्या कायद्यात चालकाचं दायित्व १,५०० कोटी रुपयांपर्यंत मर्यादित होतं. नव्या कायद्यात अणुभट्टीच्या क्षमतेनुसार टप्पे आहेत. मोठ्या अपघाताचं नुकसान यात बसेल का, हा वाद जुनाच आहे आणि तो रास्त आहे.

गावातल्या एक्स-रे सेंटरचा आणि अणुसुरक्षेचा काय संबंध?

सर्वांत जवळचा. खान्देशातल्या सामान्य माणसाची नियामक परिषदेशी गाठ पडते ती एक्स-रेच्या खोलीत, मग त्याला ते कळो वा न कळो.

एक्स-रे, सीटी स्कॅन, कॅथलॅब, कॅन्सरवरची रेडिएशन यंत्रं या सगळ्यांना परिषदेचा परवाना लागतो. अर्ज ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून होतो. यंत्र मान्यताप्राप्त हवं, खोलीच्या भिंती आणि दार पुरेसे जाड हवेत, ठराविक मुदतीने यंत्राची गुणवत्ता-चाचणी हवी, आणि तिथे काम करणाऱ्याच्या छातीवर डोस मोजणारा बॅज हवा. हा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.

कॅगच्या त्याच २०१२ च्या अहवालात एक आकडा होता: देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० परिषदेकडे नोंदलेली होती. म्हणजे दहातली नऊ नियामकाच्या कक्षेबाहेर. त्यानंतर ऑनलाइन परवान्यांमुळे चित्र बरंच सुधारलं. तरीही तालुक्याच्या ठिकाणी बाकावर बसलेले सात-आठ जण, दार अर्धवट उघडं आणि आत एक्स-रे चालू, हे दृश्य तुम्ही पाहिलं नसेल तर नशीबवान आहात.

रुग्ण म्हणून तुम्ही एवढं बघा: परवाना भिंतीवर लावलेला आहे का, दारावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि लाल दिवा आहे का, एक्स-रे घेताना दार बंद करतात का. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर विचारण्याची वाट न बघता आधीच सांगायचं. लहान मुलाला धरायला कुणी आत लागणारच असेल, तर त्याने शिशाचा अॅप्रन मागून घ्यायचा. मागायला लाजू नका.

सोनोग्राफी यात येत नाही. तिच्यात ध्वनिलहरी असतात, किरणोत्सार नसतो. तिची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली आरोग्य यंत्रणेकडे होते. दोन्ही परवाने एकच समजून तक्रारी चुकीच्या ठिकाणी जातात.

किती किरणोत्सार म्हणजे जास्त?

मोजमाप मिलिसीव्हर्टमध्ये होतं. माती, आकाश, हवा, अन्न यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्याव्यतिरिक्त, नियंत्रित उद्योगांमुळे सामान्य नागरिकाला वर्षात १ पेक्षा जास्त मिळू नयेत, असा नियम आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि भारतात कुठल्याही एका वर्षात ३० ची मर्यादा आहे.

छातीच्या एका एक्स-रेत मिलिसीव्हर्टचा अगदी छोटा अंश मिळतो. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र दहाच्या आसपास जाऊ शकतात. रुग्णासाठी मर्यादेचा आकडा नाही, कारण उपचाराची गरज आधी. म्हणून डॉक्टरांना ‘हा सीटी खरंच लागेल का, जुना चालणार नाही का’ असं विचारणं उद्धटपणा नाही.

केळीत किरणोत्सार असतो, हे खरं का?

खरं आहे, आणि रावेर-यावलच्या बागायतदारांनी घाबरायचं कारण नाही. केळीत पोटॅशियम भरपूर असतं आणि निसर्गातल्या पोटॅशियमचा एक नगण्य भाग किरणोत्सारी असतो. एका केळात साधारण १५ बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचं एकक). तुमच्या स्वतःच्या शरीरात याच पोटॅशियममुळे ४,००० च्या आसपास असतात. शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं, त्यामुळे रोज दोन केळी खाल्ली तरी ते साठत नाही. केळी खा.

लासलगावला कांद्यावर किरणं सोडतात. तो कांदा खावा का?

खावा. लासलगावचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं, २००२ पासूनचं. गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबतं. कांदा किरणोत्सारी होत नाही, जसा एक्स-रे काढलेला माणूस होत नाही. याच केंद्रातून २००७ पासून अमेरिकेला हापूस गेला. पाकिटावर हिरवं, पाकळ्यांचं गोल चिन्ह दिसलं तर माल विकिरित आहे असं समजा.

भंगारात तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेली वस्तू सापडली तर?

हात लावू नका, फोडू नका, वितळवू तर मुळीच नका. लांब जा, इतरांना लांब ठेवा, ११२ वर फोन करून ‘किरणोत्सारी वस्तू असावी’ असं स्पष्ट सांगा. पोलीस आणि जिल्हा प्रशासन पुढे नियामक परिषदेशी आणि अणुऊर्जा विभागाच्या आपत्कालीन पथकांशी संपर्क साधतात.

अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१० चं दिल्लीचं मायापुरी आठवा. दिल्ली विद्यापीठाने भंगारात काढलेल्या जुन्या उपकरणात कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते उघडलं, कापलं. एकाचा जीव गेला, अनेक जण आजारी पडले. त्यात अणुभट्टीचा काहीही संबंध नव्हता. कॅन्सरची जुनी यंत्रं, वेल्डिंगचे सांधे तपासणारे कॅमेरे, कारखान्यातली जाडी मोजणारी उपकरणं, यांत असे स्रोत असतात. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार घेणाऱ्याने शिशाचा अनपेक्षित जड डबा दिसला की थांबावं.

मोबाइल टॉवरच्या किरणांची तक्रार अणुऊर्जा विभागाकडे करायची का?

नाही. त्या लहरी वेगळ्या जातीच्या, अणूला धक्का देण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. विषय दूरसंचार विभागाचा.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या राखेचं काय? ती किरणोत्सारी असते म्हणतात.

कोळशात निसर्गतःच युरेनियम-थोरियमचा अल्प अंश असतो आणि कोळसा जळाल्यावर तो राखेत एकवटतो. म्हणून ‘असते’ हे खरं. पण वरणगाव-भुसावळ पट्ट्यातल्या माणसाला त्रास होतो तो राखेच्या बारीक धुळीचा: श्वासाचा, पिकावर बसणाऱ्या थराचा, वाहतुकीत सांडणाऱ्या डंपरचा. भीती किरणांची आणि आजार धुळीचा, असं झालं की तक्रारही भलत्याच टेबलावर जाते. केंद्र महानिर्मितीचं म्हणजे राज्याचं आहे. राखेचा संपूर्ण वापर करायला लावणारा नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा, आणि तक्रार ऐकायची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावात आहे. फोटो, तारीख, वेळ, ठिकाण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेतातून टॉवर लाइन जाते आहे. पैसे कोण देतं?

धुळ्याला ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि बडोद्याकडच्या वाहिन्या तिथे जोडलेल्या असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे फार येतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के, आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सुचवला आहे. जमीन तुमच्याच नावावर राहते. पण या सूचना आहेत. राज्याने काय स्वीकारलं आणि दर कुठला धरला, हे बघावं लागतं, आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयात ठरतं. पंचनाम्यात झाडं, ठिबकच्या नळ्या आणि उभं पीक लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

जळालेली डीपी, वाढीव बिल?

महावितरण, १९१२. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर मुंबई-नागपूरला विद्युत लोकपाल. राज्य वीज नियामक आयोगाने कामाच्या मुदती ठरवल्या आहेत आणि मुदत उलटली तर भरपाई मागता येते. मंत्रालयाला पत्र पाठवून वेळ घालवू नका.

सौर पंप आणि छतावरच्या सौर पॅनेलचं अनुदान?

धोरण आणि केंद्राचा वाटा नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा, अंमलबजावणी महावितरणची. छतासाठी ‘पीएम सूर्य घर’ योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये. सौर कृषी पंपाला शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. साक्रीच्या माळावर महानिर्मितीचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघून ‘आमच्या डोक्यावरची वीज आम्हालाच का नाही’ असं लोक विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण ती वीजही ग्रिडमध्येच जाते.

उद्या भुसावळला अणुभट्टी येऊ शकते का?

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. सध्याची क्षमता साधारण ८,८०० मेगावॅट आहे, म्हणजे उडी अकरा पटींची. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी छोट्या अणुभट्ट्या बसवाव्यात, अशी चर्चा देशात चालू आहे. तिथे रेल्वे, पाणी आणि वाहिन्या तयार असतात. दीपनगरचं नाव अशा गप्पांत कुणीही घेऊ शकतं.

पण गप्पा आणि परवाना यांत मोठं अंतर आहे. जागेची भूकंपीय तपासणी, पुराचा इतिहास, भर उन्हाळ्यातली पाण्याची उपलब्धता, आसपासची लोकसंख्या, पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी, हे सगळं आधी. भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि पाण्याची आवर्तनं मोजून सुटतात. थंड करायला पाणी कुठून आणणार, हा पहिला प्रश्न विचारावा.

नागरिक म्हणून माहिती कशी मागायची?

अणुऊर्जा विभाग आणि नियामक परिषद दोन्ही माहिती अधिकाराखाली येतात. केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावर १० रुपये भरून अर्ज करता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. देशाच्या सुरक्षेचं कारण सांगून बरंच काही नाकारलं जातं, म्हणून प्रश्न छोटा आणि नेमका ठेवा. ‘काक्रापार सुरक्षित आहे का’ असं विचाराल तर ‘होय’ एवढंच येईल. ‘जळगाव जिल्ह्यात वैध परवाना असलेली एक्स-रे केंद्रं किती, गेल्या तीन वर्षांत किती तपासली, किती जणांना नोटिसा दिल्या’ असं विचारलंत तर आकडे द्यावेच लागतात. वर्ष, जिल्हा आणि कागदाचं नाव लिहा. पहिलं अपील पहिल्या उत्तरानंतर ३० दिवसांच्या आत करायचं असतं, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.